शेगडी नेली, मग ऊब कोण देणार?

(खर्डी येथे पावसाळ्यापूर्वी भरलेल्या माता-बालक मेळाव्यातील भाषण. समोर पाड्यांवर काम करणाऱ्या भगिनी, सुईणी, आशाताई आणि घरची वडीलधारी मंडळी होती. बोलण्याची भाषा तशीच ठेवली आहे.)

माझ्या आज्यांनो, मावश्यांनो, आशाताई, अंगणवाडीताई, आणि मागे दाराशी उभ्या राहिलेल्या दादांनो, सगळ्यांना नमस्कार. दादांनी आत येऊन बसावं. विषय बाळंतिणीचा आहे म्हणून तुम्ही बाहेर उभे आहात, हे मला कळतं. पण विडी ओढायला तुम्ही घरात येता, तेव्हा तुमचंही यात काम आहे.

मुंबईहून आपल्या कामाला मदत करणारे पाहुणे येतात. कसारा लोकलमधून खर्डीला उतरले की छाती भरून श्वास घेतात आणि म्हणतात, काय हवा आहे हो तुमच्याकडे! खरंच आहे. पण ती हवा अंगणातली. त्याच पाहुण्याला जुलै महिन्यात सकाळी सहा वाजता एखाद्या कुडाच्या घरात न्या. बाहेर पाऊस कोसळतोय, दार लावलेलं आहे, लाकडं ओली आहेत, सासू फुंकणीने फुंकून फुंकून दमली आहे. पाहुणा दोन मिनिटांत डोळे चोळत बाहेर येईल. त्याला येता येतं. चुलीपासून चार हातांवर गोधडीत गुंडाळलेलं सहा दिवसांचं बाळ बाहेर येऊ शकत नाही.

आज या बाळाच्या श्वासाबद्दल बोलायचं आहे. मी डॉक्टर नाही. माझा डिप्लोमा ईश्वरविज्ञानाचा आहे आणि बाकीचं मी तुमच्या ओट्यांवर बसून शिकले. त्यातली एक गोष्ट मी चूक करून शिकले, ती आधी सांगते.

दहा-बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारी महिना होता. तानसाच्या बाजूच्या एका पाड्यावर ठाकरांच्या घरात सून बाळंत झाली होती. बाळ दिवस भरायच्या आधीच झालेलं, वजन दोन किलोच्याही आत. घर एकाच खोलीचं. बाजेखाली खापरात निखारे, त्यावर ओवा आणि लसणाची सालं टाकलेली, घरभर धुरी. मी नुकतीच एका प्रशिक्षणाहून आले होते. धूर म्हणजे विष, हे डोक्यात पक्कं बसलं होतं. मी आजीला सगळं समजावलं, जरा जास्तच जोरात समजावलं, आणि खापर बाहेर नेऊन त्यावर पाणी ओतायला लावलं. घरी येऊन वहीत लिहिलं, एक घर धूरमुक्त.

तिसऱ्या दिवशी आशाताई तिथे गेली तर बाळाचे पाय बर्फासारखे गार. दूध ओढत नव्हतं. रडणंही बारीक झालेलं. तिने बाळाचे कपडे काढले, आईच्या उघड्या छातीवर त्याला पालथं ठेवलं, वरून लुगडं आणि गोधडी घेतली, डोक्यावर टोपी घातली आणि तसंच दोघांना जीपमध्ये बसवून दवाखान्यात नेलं. बाळ वाचलं. आता ते आश्रमशाळेत आहे आणि माझ्यापेक्षा जोरात धावतं. पण मी पुन्हा त्या घरी गेले तेव्हा आजी मला म्हणाली, "बाई, तू आमचा इस्तव नेलास. बदल्यात काय दिलंस?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. आज थोडंफार आहे, म्हणून इथे उभी आहे.

शेगडी आपल्या आज्यांनी उगाच ठेवली नाही. नवजात बाळाला स्वतःचं अंग गरम ठेवता येत नाही. त्याच्या अंगावर चरबी कमी, त्यातून वजन कमी असेल तर फारच कमी. हे पुस्तक न वाचता त्यांना ठाऊक होतं. धुरीनेही डास पळतात, ओल्या फडक्यांचा वास जातो, सटवाईची भीती कमी होते. कुणी धुरीला हसू नये. आमच्या काही चर्चमध्येही धूप जाळतात आणि लोक डोळे मिटून उभे राहतात. चुलीचा धूर पेंढ्याच्या छपराला कीड लागू देत नाही, वर टांगलेलं बियाणं सुकं ठेवतो. म्हणजे धूर घरात बिनकामाचा पाहुणा नाही. त्याला पाच-सहा कामं लावलेली आहेत. ती कामं दुसऱ्या कुणाला दिल्याशिवाय त्याला जा म्हणता येत नाही. हेच मला त्या दिवशी कळलं नव्हतं.

पण धूर करतो काय, तेही नीट समजून घ्या.

लाकूड जळताना जी काजळी उडते, ती भिंतीवर दिसते तेवढीच नसते. त्यात इतके बारीक कण असतात की आपल्या डोक्याच्या केसाच्या जाडीत वीसेक कण शेजारी शेजारी मावतील. नाकातले केस, घशातला कफ यांना ते चुकवतात आणि थेट फुप्फुसाच्या तळाशी जातात. आपण मोठी माणसं मिनिटाला साधारण बारा ते वीस वेळा श्वास घेतो. नवजात बाळ चाळीस ते साठ वेळा घेतं. त्याच्या फुप्फुसातले हवेचे बारीक फुगे अजून पुरते तयार झालेले नसतात, जन्मानंतरही काही वर्षं ते तयार होत राहतात. म्हणजे सोसण्याची ताकद कमी, आणि अंगाच्या मानाने हवा जास्त आत घेणार. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ साली सांगितलं की एक घनमीटर हवेत असे कण दिवसाच्या सरासरीने १५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावेत. आपल्या देशाचं बाहेरच्या हवेचं प्रमाण ६० आहे. बंद खोलीत चूल पेटली की हा आकडा शेकड्यांत जातो. याच संघटनेच्या हिशोबाप्रमाणे २०२० साली घरातल्या धुरामुळे जगात सुमारे ३२ लाख माणसं गेली, त्यांपैकी २ लाख ३७ हजारांहून अधिक पाच वर्षांच्या आतली मुलं होती. पोरांना मारतो तो मुख्यतः न्यूमोनिया.

आज्यांनो, तुमचा तो सकाळचा खोकला आहे ना, त्याचाही यात भाग आहे. दिल्लीत डॉ. पद्मावती म्हणून हृदयरोगाच्या मोठ्या डॉक्टर होत्या. फुप्फुसं खराब होऊन हृदयावर ताण येण्याचा आजार बायकांना कसा होतो, हे त्यांनी १९५९ सालीच लिहून ठेवलं. विडी-सिगारेटला हात न लावलेल्या बायका. तेव्हापासून चुलीकडे बोट दाखवलं जातंय.

आता निखाऱ्यांबद्दल. बऱ्याच घरी मला सांगतात, ताई, आम्ही शेगडी अंगणात पेटवतो, धूर गेला की लाल निखारे तेवढे आत आणतो. ही समजूत सगळ्यांत धोक्याची आहे, म्हणून लक्ष द्या. लाल निखाऱ्यातून कार्बन मोनॉक्साइड नावाचा वायू निघतो. तो दिसत नाही, त्याला वास नाही, डोळ्यांत पाणीही येत नाही. रक्तात प्राणवायू ज्या जागी बसतो, त्या जागा तो अडवून धरतो. दारं-खिडक्या लावून निखारे ठेवून झोपलेली माणसं सकाळी उठली नाहीत, असं थंडीत दर वर्षी पेपरात येतं. पोटुशी बाई अशा हवेत राहिली तर तिच्या रक्तातून बाळाला प्राणवायू कमी मिळतो, आणि बाळ अडीच किलोच्या आत जन्मायचा धोका वाढतो. मग त्या कमी वजनाच्या बाळाला ऊब हवी म्हणून आपण पुन्हा निखारेच ठेवतो. आणि बाजेखालच्या निखाऱ्यावर लोंबणारी गोधडी पेटली तर काय होतं, ते इथल्या सुईणींना मी सांगायला नको.

मच्छर अगरबत्तीलाही हेच लागू आहे. चीन आणि मलेशियातल्या अगरबत्त्या तपासून २००३ साली शास्त्रज्ञांनी सांगितलं की एक वळं जळून संपेपर्यंत ७५ ते १३७ सिगारेटींइतके बारीक कण सोडतं. बाळाच्या उशाशी आपण ती रात्रभर लावतो. मच्छरदाणी एकदा घेतली की तिला काडी लागत नाही. तव्यावर मशेरी भाजणंही बाळ असलेल्या घरात नको. मशेरी लावणं बंद करा असं मी दहा वर्षं सांगतेय, ते कुणी ऐकत नाही. निदान भाजायला तरी अंगणात जा.

आता एक गोष्ट अशी, जी मला वाटतं आपल्या घरकुलवाल्यांनी ऐकावी. कुडाच्या घराला फटी असतात. कारवीच्या भिंतीतून, पेंढ्यातून, कौलांच्या सांध्यांतून धूर हळूहळू निघून जातो. घरकुल मिळालं, सिमेंटच्या भिंती आल्या, वर स्लॅब किंवा पत्रा आला, खिडकी एकच आणि तीही पावसात बंद. चूल मात्र तीच, तिच्या जागी. मी अशा दोन-चार घरांत बसून पाहिलं आहे. जुन्या घरापेक्षा डोळे जास्त चुरचुरतात. घर पक्कं होताना धुराची वाट बुजते, हे बांधणाऱ्याच्या लक्षात येत नाही. छताखाली समोरासमोरच्या भिंतींत दोन झरोके ठेवायला गवंड्याला सांगा. प्लास्टर व्हायच्या आधी सांगा, नंतर तो ऐकत नाही.

वीटभट्टीवर जाणाऱ्या कातकरी बहिणींचं तर वेगळंच. दिवाळीनंतर भिवंडी-कल्याणकडे भट्टीवर जायचं, रचलेल्या विटांची चार फुटी खोपी, वर प्लास्टिक. बाळंतपणही तिथेच. तिथे माझ्या झरोक्याच्या गप्पांचा उपयोग नाही. तिथे एकच सांगता येतं, चूल खोपीच्या बाहेर मांडा, आणि मुकादमाला आशाताईचा फोन नंबर देऊन ठेवा.

मग तुम्ही म्हणाल, गॅस आलाय ना. आला. उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला उत्तर प्रदेशात बलियाला सुरू झाली आणि आपल्या पाड्यांपर्यंतही लाल टाक्या पोचल्या. तरी २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब पाहणीत देशाच्या ग्रामीण भागातली ४३ टक्केच घरं स्वयंपाकाला स्वच्छ इंधन वापरताना आढळली. कारण तुम्हाला माहीत आहे. टाकी आली, पण भरायला पैसे एकदम लागतात, आणि लाकडाची मोळी डोक्यावरून येते, तिला पैसे पडत नाहीत. फक्त मान मोडते. म्हणून टाकी कोपऱ्यात झाकून ठेवतात. पाहुणा आला की चहा तिच्यावर.

इथे मला आमच्याच लोकांशी, म्हणजे जे देणग्या देतात आणि जे अहवाल लिहितात त्यांच्याशी, एक स्पष्ट बोलायचं आहे, कारण हे भाषण आपल्या अंकात छापलं जाणार आहे. गॅस दिला की न्यूमोनिया संपला, असं आपण लिहू नये. तमिळनाडू, ग्वातेमाला, पेरू आणि रवांडा या चार ठिकाणी ३२०० गरोदर बायकांना घेऊन मोठा अभ्यास झाला. अर्ध्या घरांना गॅसची शेगडी आणि टाक्या फुकट दिल्या. धूर बराच कमी झाला. पण २०२२ साली निकाल आला की बाळांच्या जन्मवजनात म्हणावा असा फरक पडला नाही, आणि २०२४ साली आला की गंभीर न्यूमोनियातही नाही. मलावीत दहा हजारांवर मुलांच्या घरी सुधारित चुली दिल्या, तिथेही २०१६ साली असंच दिसलं. मी हे वाचलं तेव्हा दोन दिवस खट्टू होते. मग धूर निरुपद्रवी आहे का? नाही. पण शेजारच्या घरातली चूल, कचरा जाळणं, आईचं कमी वजन, थंडी, उशिरा दवाखाना, या सगळ्यांत बाळ एकदम अडकलेलं असतं. एक दोरी कापली म्हणून ते सुटत नाही. आजीने मला विचारलं होतं ते हेच होतं, असं मला वाटतं.

म्हणून मी तुमच्याकडे वर्षभराचं काही मागत नाही. सव्वा महिना मागते.

सव्वा महिना आपण बाळंतिणीचा म्हणतोच. आशाताईच्या भेटीही तेवढ्याच काळात होतात. दवाखान्यात बाळंतपण झालं तर तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी, घरी झालं तर पहिल्या दिवशीही. तर टाकी पाहुण्यांसाठी राखता, ती या सव्वा महिन्यासाठी राखा. सातव्या महिन्यात ओटी भरता, तेव्हाच टाकी भरून ठेवा. घरात येणारं बाळ हाच पाहुणा समजा. चौदा किलोची परवडत नसेल तर पाच किलोचीही मिळते, वितरकाकडे विचारा.

आणि गॅस नसेल तरी एक काम होण्यासारखं आहे. बाळंतिणीच्या घरात सगळ्यांत मोठा जाळ कशासाठी होतो? भाकरीसाठी नाही. अंघोळीच्या पाण्यासाठी. दोन वेळा हंडाभर पाणी, कढत. ती चूल घरात असायची काही गरज नाही. पडवीत, एका अंगाने उघड्या जागी तीन दगड मांडा. लाकडं आत्ता, मे-जूनमध्येच तोडून सुकवून वर रचून ठेवा; ओल्या लाकडाचा धूर दुप्पट. हे काम दादांचं. आणि बाळाला पहिल्या दिवसांत रोज अंघोळ लागतच नाही, नाळ पडेपर्यंत पुसून घेतलं तरी चालतं. वजन कमी असेल तर अंघोळ नकोच. मग पाणीही कमी तापवावं लागेल.

राहिली ऊब. १९७८ साली कोलंबिया देशात बोगोटा शहरातल्या एका रुग्णालयात काचेच्या पेट्या पुरत नव्हत्या. तिथल्या डॉक्टरांनी कमी वजनाची बाळं आयांच्या छातीवर, कातडीला कातडी लावून बांधली. कांगारू पोटाच्या पिशवीत पिल्लू ठेवतं ना, तसं. पेटीचं काम आईने केलं. २०२१ साली भारतासह पाच देशांतल्या रुग्णालयांत पाहिलं, तर अगदी कमी वजनाच्या बाळांना जन्मल्याबरोबर असं ठेवल्याने मृत्यू पंचवीस टक्क्यांनी कमी झाले. त्या जानेवारीत आशाताईने हेच केलं होतं. आईचं अंग शेगडीपेक्षा चांगलं आहे. ते बाळाला गरज असेल तेवढंच तापतं, धूर सोडत नाही आणि दूधही देतं. आई थकली तर आजीने घ्यावं. बापानेही घ्यावं. दादा, हसू नका, बापाच्या छातीलाही ऊब असते, फक्त त्या दिवशी विडी ओढलेली नसावी. अंथरूण गरम करायचं असेल तर गरम पाण्याची बाटली फडक्यात गुंडाळून गोधडीत ठेवा, आणि बाळ निजवण्याआधी ती काढून घ्या. विसरू नका, भाजतं.

धुरीचं काय? पाचवीला घरात करायचीच असेल तर बाळाला आणि आईला पडवीत न्या, खोलीत फिरवा, दार उघडून खोली मोकळी होऊ द्या, मग त्यांना आत आणा. हे एका सुईणीनेच मला सुचवलं. ती इथे बसली आहे, नाव घेतलेलं तिला आवडणार नाही.

शेवटी मोजायचं कसं ते. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी खेड्यातल्या बायकांना आणि सुईणींना बाळाचा न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना साठपर्यंत मोजता येत नव्हतं त्यांच्यासाठी मण्यांचं साधन केलं. वाळूचं घड्याळ उलटं करायचं आणि दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. पुढे ३९ गावांत त्यांनी घरोघरी नवजात बाळाची काळजी घेण्याचं काम उभं केलं आणि नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाल्याचं १९९९ साली जगाला दाखवलं. आज आशाताई तुमच्या घरी येते ती त्याच वाटेने.

तर, बाळ शांत असताना, रडत किंवा पीत नसताना, त्याच्या पोटावरचं कापड वर करा आणि पूर्ण एक मिनिट पोट किती वेळा वर येतं ते मोजा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे साठ किंवा जास्त आले तर पुन्हा एकदा मोजा. पुन्हा तेवढेच आले तर निघा. श्वास घेताना फासळ्यांच्या खालचा भाग आत ओढला जात असेल, ज्याला तुम्ही पोट उडतंय म्हणता, कुणी डबा म्हणतात, तर मोजत बसू नका. कण्हत असेल, दूध सोडलं असेल, गार पडलं असेल किंवा तापलं असेल, तरीही नाही. पोटावर डाग देऊ नका. १०८ ला फोन लावा, आणि गाडी येईपर्यंत बाळ आईच्या छातीवर.

आता आपण मोजून पाहू. तीन-चार बाळं इथे झोपलेली दिसतात. ज्यांच्या मोबाइलमध्ये सेकंदकाटा आहे त्यांनी पुढे यावं, मण्यांच्या दोऱ्या मी आणल्या आहेत. चहा बाहेर होतोय. आमची टाकी काल संपली, म्हणून तो चुलीवर आहे, आणि वारा इकडेच येतोय. तेव्हा लेकुरवाळ्यांनी उठून त्या पलीकडच्या भिंतीला बसा.